खाणीनंतरची माती
खाणीचा ढिगारा म्हणजे माती नव्हे. त्यात कुजलेला पालापाचोळा नाही, जिवाणू फार थोडे. नुसती लावलेली रोपे वाळतात. नागपूर जिल्ह्यातील गुमगावच्या मँगनीज खाणीवर ‘नीरी’ने अशा ढिगाऱ्यात साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिसळला, मुळांशी रायझोबियम, अ‍ॅझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी दिली. ही बुरशी तंतूंनी दूरचा स्फुरद मुळांपर्यंत आणते. झाडे धरली. (मी होमिओपॅथ, पण येथे थेंबांनी भागत नाही, गाड्याच लागतात.)

आपल्या धार जिल्ह्यात मनावरकडे चुनखडी निघते. तेथे वरची काळी माती आधीच काढून वेगळ्या, बुटक्या ढिगात ठेवावी. उंच ढिगात हवा पोहोचत नाही, जीव मरतात. खाणीला शेत देणाऱ्याने ही अट करारातच लिहून घ्यावी.