उमेदवारी : काम, विद्यावेतन आणि शिक्षण



दहावीच्या पालक सभेत एका वडिलांनी मला विचारले, "सर, माझा मुलगा नापास तर होत नाहीये, मग आयटीआयचं नाव कशाला काढता?" मुलगा अभ्यासात मध्यम आहे. पण स्नेहसंमेलनात माइक बंद पडला की सगळे आधी त्यालाच हाक मारतात. त्या दिवशी मी वडिलांना नीट उत्तर देऊ शकलो नाही. घरी आल्यावर वाटले, हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा नाही. इंदूरच्या आपल्या बहुतेक मराठी घरांत अजूनही असेच समजतात की हुशार मुलगा कॉलेजात जातो आणि ज्याला जमत नाही तो कारखान्यात जातो. या दोन वाटांच्या मधे एक तिसरी वाट आहे. या अंकात तिच्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

त्या वाटेला आपल्या भाषेत जुना आणि सुंदर शब्द आहे, उमेदवारी. आज उमेदवार म्हटले की निवडणूकच डोळ्यांसमोर येते. परंतु आपल्या आजोबांच्या काळी वकिलाकडे, छापखान्यात किंवा गिरणीत माणूस आधी उमेदवारी करी. उमेद बाळगून जाणकाराच्या हाताखाली शिकणारा तो उमेदवार. सरकारी कागदांवर आजही 'शिकाऊ उमेदवार' असेच लिहितात. हिंदीत त्याला शिक्षु किंवा प्रशिक्षु म्हणतात आणि बोलताना सगळेच अप्रेंटिस म्हणतात.

जुन्या उमेदवारीत एक मोठी उणीव होती. उस्तादाची मर्जी असेल तेवढेच शिकायला मिळे, यंत्र असे का चालते ते कुणी सांगत नसे आणि शेवटी हातात कागद नसे. कॉलेजच्या शिक्षणात याच्या उलट होते. कागद मिळतो, पण हाताला सवय नसते. या दोहोंची सांगड घालणे म्हणजेच आजची उमेदवारी. आठवड्याचे काही दिवस पगारी काम, काही दिवस वर्गात शिक्षण आणि शेवटी मान्यताप्राप्त प्रमाणपत्र.

इथे एक गल्लत होऊ शकते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांची 'कमवा व शिका' योजना मराठी माणसाला परिचित आहे. तिच्यात विद्यार्थी श्रम करून शिक्षणाचा खर्च भागवतो. काम शेतातले असेल आणि अभ्यास इतिहासाचा. उमेदवारीत मात्र काम हाच अभ्यासाचा विषय असतो. सकाळी वर्गात विद्युत मोटारीचे तत्त्व शिकायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच मोटार खोलायची.

ही सांगड नीट बसवण्याचे एक उदाहरण अमेरिकेत पाहायला मिळते. तिथे कम्युनिटी कॉलेज नावाची संस्था असते. ती त्या त्या भागातील लोकांसाठी चालते, फी विद्यापीठापेक्षा बरीच कमी असते आणि साधारणपणे दोन वर्षांचे शिक्षण मिळते. या प्रकारचे सर्वांत जुने सार्वजनिक कॉलेज इलिनॉय राज्यात जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झाले. आज देशभर अशी एक हजारापेक्षा अधिक कॉलेजे आहेत. दुसरीकडे, १९३७ मध्ये तिथे राष्ट्रीय उमेदवारी कायदा झाला. नोंदणीकृत उमेदवारीत साधारणपणे किमान २,००० तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण असते आणि दरवर्षी किमान १४४ तास वर्गातील शिक्षण असावे अशी शिफारस असते. जसजसे कौशल्य वाढेल तसतसे वेतनही वाढत जाते. वर्गातील शिक्षणाची ही बाजू अनेक ठिकाणी कम्युनिटी कॉलेज सांभाळते.

केंटकी राज्यातील जॉर्जटाउन येथे टोयोटाचा मोठा मोटार कारखाना आहे. यंत्रे दुरुस्त करणारे, म्हणजे विद्युत, यांत्रिकी, हायड्रॉलिक्स आणि स्वयंचलित नियंत्रण या सगळ्यांची जाण असलेले तंत्रज्ञ तिथे पुरेसे मिळत नव्हते. तेव्हा २०१० मध्ये टोयोटाने ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेजबरोबर एक अभ्यासक्रम सुरू केला. पुढे शेजारच्या इतर कंपन्याही त्यात आल्या. या उपक्रमाला फेम म्हणतात. विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस कॉलेजात शिकतो आणि सुमारे २४ तास कंपनीत पगारी काम करतो. पाच सत्रांत, म्हणजे सुमारे दोन वर्षांत, त्याला असोसिएट पदवी मिळते. बरेच विद्यार्थी पगारातूनच फी भरतात आणि कर्ज न घेता शिक्षण पुरे करतात.

मला शिक्षक म्हणून यातील एक गोष्ट विशेष आवडली. तिथे केवळ यंत्र शिकवत नाहीत. वेळेवर येणे, सुरक्षितता, कामाची जागा नीटनेटकी ठेवणे, अडचणीचे मूळ कारण शोधणे आणि आपले म्हणणे चारचौघांसमोर स्पष्ट मांडणे, यांचेही शिक्षण दिले जाते.

याचा परिणाम काय झाला? २०२० मध्ये ब्रुकिंग्ज आणि ऑपॉर्च्युनिटी अमेरिका या संस्थांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात केंटकीच्या या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षण पूर्ण केल्याचे आढळले. तशाच कॉलेजांतील इतर तुलनीय विद्यार्थ्यांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते. अर्थात या विद्यार्थ्यांची कंपन्या आधी पारख करून निवड करतात, हे विसरू नये. सगळे श्रेय योजनेलाच देणे बरोबर नाही. तरीसुद्धा पोट भरण्यासाठी शिक्षण सोडावे लागत नाही, हा मुद्दा शिल्लक राहतोच.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेच्या गोष्टी आपल्याला काय उपयोगाच्या? म्हणून आपल्या देशाकडे वळू.

आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ साली झाला. त्यात लिहिले आहे की कारखान्यात शिकणाऱ्या ट्रेड अप्रेंटिसला कामाशी संबंधित वर्गशिक्षणही मिळाले पाहिजे, आणि वर्गात गेलेला वेळ हा त्याच्या पगारी वेळेचाच भाग धरला पाहिजे. म्हणजे काम आणि वर्ग यांची सांगड आपल्या कायद्यातही पहिल्यापासून आहे. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर आणि डिप्लोमाधारकही या कायद्यात आले. कम्युनिटी कॉलेजचे काम आपल्याकडे मुख्यतः आयटीआय आणि पॉलिटेक्निक करतात. २०१६ मध्ये आयटीआयसाठी दुहेरी प्रशिक्षण पद्धत आली. तिच्यात अभ्यासक्रमाचा काही भाग आयटीआयमध्ये आणि काही भाग उद्योगात पूर्ण होतो. त्याच वर्षी राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रोत्साहन योजना सुरू झाली. तिच्यात विद्यावेतनाचा काही भाग सरकार उचलते.

विद्यावेतन किती मिळते, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो. २०१९ च्या नियमांत शिक्षणानुसार दरमहा किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवले होते. प्रवेशाच्या वेळी चालू दर अवश्य विचारावा. ही रक्कम पूर्ण कामगाराच्या पगारापेक्षा कमी असते, कारण कायद्याच्या दृष्टीने उमेदवार हा कामगार नसून विद्यार्थी आहे. उमेदवारी संपली की त्याच कंपनीत नोकरी मिळेलच, अशी हमीही कायदा देत नाही. हे आधीच स्पष्ट असलेले बरे.

आता एक दुःखाची गोष्ट. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी मला भेटायला आला. दीड वर्ष तो एका कारखान्यात 'अप्रेंटिस' होता. एवढ्या काळात त्याने माल उचलला, झाडलोट केली आणि एकाच यंत्राचे एकच बटण दाबले. एकही वर्ग झाला नाही. करारनामा मागितला तर म्हणाला, "सर, असं काही दिलंच नाही." त्याच्याजवळ दाखवायला एक कागदही नव्हता. तो समोर बसला होता आणि मला लाज वाटत होती, कारण शाळा सोडताना आम्ही कुणीही त्याला सांगितले नव्हते की काय विचारायचे असते. आज हा लेख लिहिण्याचे खरे कारण तो मुलगा आहे.

म्हणून पालकहो, सही करण्यापूर्वी पुढील गोष्टी विचाराव्यात.

१. करार लेखी आहे का आणि सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर त्याची नोंद होणार का? मुलगा अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील असेल, तर करारावर पालकाची सही लागते. ती न वाचता करू नये.

२. ट्रेड कोणता आणि मुदत किती? फिटर, इलेक्ट्रिशियन, टर्नर, वेल्डर असे नाव करारात स्पष्ट हवे. 'मदतनीस' हा ट्रेड नव्हे.

३. वर्गशिक्षण कुठे, कोणत्या दिवशी आणि कोण देणार?

४. शेवटी परीक्षा कोणती आणि प्रमाणपत्र कुणाचे? ट्रेड अप्रेंटिसला परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रमाणपत्र मिळते. ते देशभर चालते.

५. सुरक्षिततेची साधने कोण देणार? कामावर इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी कायद्याने मालकावर असते. कायद्यात किमान वय १४ वर्षे आहे, परंतु धोक्याच्या उद्योगांत ते १८ आहे.

६. विद्यावेतन नगावर तर देत नाहीत ना? जितके नग तितके पैसे, असे उमेदवाराला देण्यास कायद्याने मनाई आहे. शिकणाऱ्याला घाई लावली की तो शिकत नाही आणि बोटेही गमावतो.

या सहांपैकी तिसरा प्रश्न मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. वर्ग नसेल तर ती उमेदवारी नव्हे, स्वस्तातली मजुरी आहे.

आणखी एक शंका नेहमी येते, 'पुढचे शिक्षण बंद होईल का?' होत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या विद्यार्थ्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे आणि डिप्लोमानंतर अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात. तिथे गेल्यावर गणित आणि इंग्रजी लागेलच, म्हणून शाळेतला अभ्यास सोडून चालणार नाही. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. इंग्रजीची भीती काय असते ते मला माहीत आहे. पण यंत्राच्या पुस्तिकेतले इंग्रजी रोजच्या कामात वाचता वाचता येते, हेही मी आपल्याच माजी विद्यार्थ्यांत पाहिले आहे. मुलींच्या पालकांनाही विनंती आहे की ही वाट फक्त मुलांची समजू नका. कायदा मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. इलेक्ट्रॉनिक्स, ड्राफ्ट्समन, संगणक अशा अनेक ट्रेडमध्ये मुली उत्तम काम करत आहेत.

आपल्या शहराच्या एका बाजूला पीथमपूर आहे, दुसऱ्या बाजूला देवास. इतके कारखाने इतक्या जवळ असणे ही मोठी सोय आहे. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की नववी-दहावीच्या मुलांची वर्षातून एक सहल मंदिराऐवजी आयटीआय आणि एखाद्या कारखान्याला नेण्याची परवानगी द्यावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे कारखान्यांत आहेत, त्यांनी एक शनिवार शाळेला द्यावा. करारनाम्याचा कोरा नमुना मी कार्यालयात ठेवणार आहे. कुणीही येऊन पाहावा, समजले नाही तर विचारावा.

त्या वडिलांना आता माझे उत्तर असे आहे. मुलगा नापास होत नाही म्हणूनच हे नाव काढतो. त्याच्या हातात जे आहे, त्याला वर्गाची जोड मिळाली तर तो पुढे जाईल. कॉलेजात जायचे की कारखान्यात, हे तुम्ही आणि तो मिळून ठरवा. मात्र ठरवण्यापूर्वी त्याला एकदा दोन्ही दारे उघडून आत काय आहे ते पाहू द्या.

आपला,
प्राचार्य