झिको: रिओ ते फातोर्डा

आमच्या खाप्याकडे ब्राझीलचा फुटबॉल म्हणजे पेले, फार तर रोनाल्डो. झिकोचं नाव काढलं तर एखादा पोरगा विचारतो, ‘तो गोव्याचा कोच होता ना?’ होता. पण त्याआधी तो जगातला अव्वल मिडफिल्डर होता आणि वर्ल्ड कप त्याच्या हाती कधीच लागला नाही.

आर्थर आंतुनेस कोइंब्रा हे त्याचं खरं नाव. जन्म १९५३चा, रिओच्या किंतिनो भागातला. वडील पोर्तुगालहून आलेले. फ्लामेंगो क्लबासाठी त्याने पाचशेहून जास्त गोल केले. तरी त्याचा खेळ समजून घ्यायचा तर १९८१चा टोकियोतला सामना बघावा. लिव्हरपूलला फ्लामेंगोने ३-० असं लोळवलं. झिकोच्या नावावर एकही गोल नाही, पण तिन्ही गोलांची सुरुवात त्याच्याच पायातून झाली.

पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपमध्ये, बार्सेलोनात, ब्राझीलला इटलीशी नुसती बरोबरी पुरत होती. ती राखायची सोडून हे गडी हल्ले करत राहिले. पाओलो रोस्सीने तीन गोल ठोकले आणि ब्राझील ३-२ ने घरी गेलं. मला विचाराल तर वर्ल्ड कप न जिंकलेल्या संघांत इतका देखणा संघ क्वचितच झाला असेल.

१९८६च्या वर्ल्ड कपची गोष्ट जास्त जिव्हारी लागते. आदल्या वर्षी एका आडदांड टॅकलने झिकोचा गुडघा निकामी केलेला. फ्रान्सविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत तो बदली म्हणून उतरला आणि उतरल्या उतरल्या ब्रांकोला असा पास दिला, की गोलकीपर बात्सला त्याला पाडण्यावाचून इलाजच उरला नाही. पेनल्टी! अंग अजून गरमही झालं नव्हतं, तरी झिकोच पुढे झाला. बात्सने चेंडू अडवला. सामना १-१ सुटला. मग शूटआउटमध्ये झिकोने आपली पेनल्टी बिनचूक मारली, पण सॉक्रेटिस आणि ज्युलिओ सीझरच्या हुकल्या.

एवढं झाल्यावर दुसरा कोणी घरी बसला असता. हा जपानात गेला, काशिमाच्या सुमितोमो मेटल्स कंपनीच्या संघात. तोच पुढे काशिमा अँटलर्स झाला. १९९३ साली जे-लीग सुरू झाली, तेव्हा अँटलर्सच्या पहिल्याच सामन्यात चाळिशीच्या झिकोने हॅटट्रिक केली.

२०१४ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, तो इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी गोवाचा प्रशिक्षक झाला. पहिल्या हंगामात उपांत्य फेरीत कोलकात्याने पेनल्टींवर हरवलं. दुसऱ्या हंगामात मडगावच्या फातोर्डा मैदानावर याच संघाने मुंबई सिटीचा ७-० असा फडशा पाडला. डुडू आणि हाओकिप, दोघांच्याही हॅटट्रिक. चेन्नईयिनविरुद्धचा अंतिम सामनाही तिथेच होता. सत्याऐंशीव्या मिनिटाला जोफ्रेच्या गोलाने गोवा २-१ पुढे. नव्वदाव्या मिनिटाला गोलकीपर कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला, पाठोपाठ मेंडोझाने चेन्नईयिनचा तिसरा मारला. पुन्हा ३-२! २०१६ मध्ये गोवा तळाला गेला आणि झिकोचा मुक्काम हलला.

त्याच्या हाताखालचा रोमिओ फर्नांडिस २०१५ मध्ये ब्राझीलच्या अ‍ॅटलेटिको परानाएन्सेकडून खेळून आला. तेव्हा विंगेवर पळणारा मंदार राव देसाई पुढे डावा बचावपटू झाला, गोव्याचा कर्णधारही झाला. २०२०-२१ मध्ये त्याच्या संघाने आयएसएलचा चषक उचलला. तो संघ मात्र मुंबई सिटीचा होता.