बगलेवरचा गडी

फुटबॉलचा सामना पाहणाऱ्याचें लक्ष बहुधा मैदानाच्या लांबीकडे असतें. या गोलाकडून त्या गोलाकडे चेंडू कसा गेला, हें तो पाहतो. खेळाची आंखणी करणारा शिक्षक मात्र रुंदीची चिंता अधिक वाहतो. मोठ्या सामन्यांचें मैदान १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद असतें. आणि गोलकीपर वगळला तर एवढी भूमि राखावयाला दहाच गडी उरतात. ते मध्यावर दाट उभे राहिले कीं बगला ओस पडतात. बगलांकडे पांगले कीं गोलाचें दार उघडें पडतें. या पेंचांतून निघण्याच्या अनेक वाटांपैकीं एक म्हणजे विंग-बॅकची मांडणी. तींत पाठीमागें तीन बॅक ठेवावयाचे, आणि दोन्ही बगला दोन गड्यांच्या स्वाधीन करावयाच्या. हा गडी चढाईच्या वेळीं विंग-फॉरवर्ड आणि बचावाच्या वेळीं फुलबॅक. त्या बाजूची सगळी पट्टी त्याच्या एकट्याची.

कागदावर हें फार सोयीचें दिसतें. एका पगारांत दोन नोकर! परंतु तो गडी एकाच वेळीं दोन ठिकाणीं असूं शकत नाहीं, आणि या मांडणीचें सारें शास्त्र याच अडचणीभोंवतीं फिरतें. तो पुढें गेला असतां त्याच्या पाठीमागची जागा कोणीं राखावयाची? या प्रश्नाचें उत्तर किती पक्कें असूं शकतें, व तें कोठें फसतें, हें दोन्ही लंडनच्या चेल्सी संघाच्या २०१६-१७ च्या हंगामांत स्पष्ट दिसून आलें.

आदल्या वर्षीं हा संघ इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्यें दहावा आला होता. नवे शिक्षक आंतोनिओ कॉन्ते इटलीहून आले. तेथें युव्हेंटस संघाला त्यांनीं तीन बॅक ठेवून विजेतेपदें मिळवून दिलीं होतीं. पण चेल्सींत आरंभीं त्यांनीं चार बॅकचीच प्रचलित मांडणी ठेवली. २४ सप्टेंबर २०१६ रोजीं आर्सेनलनें मध्यंतरापूर्वींच तीन गोल चढविले. सहा सामन्यांत चेल्सीचे दहा गुण झाले होते, आणि मँचेस्टर सिटी आठ गुणांनीं पुढें होती. त्याच सामन्याच्या उत्तरार्धांत कॉन्ते यांनीं सेस्क फाब्रेगासला बाहेर घेऊन मार्कोस आलोन्सोला आंत धाडलें व मागें तिघांची फळी केली. तो सामना गेलाच. पुढच्या सामन्यापासून मात्र हीच मांडणी कायम झाली, आणि संघानें लीगमधील लागोपाठ तेरा सामने जिंकले.

तीन बॅक ही कांहीं नवी कल्पना नव्हे. १९२५ मध्यें ऑफसाइडचा नियम बदलला, तेव्हां आर्सेनलच्याच हर्बर्ट चॅपमन यांनीं सेंटर-हाफला मागें ओढून त्याचा तिसरा बॅक केला होता. परंतु त्यांच्या मांडणींत पुढें बगलांवर विंगर निराळे असत. कॉन्ते यांनीं तें काम व मागचें काम एकाच गड्याच्या गळ्यांत घातलें. डावीकडे आलोन्सो आला. उजवीकडे व्हिक्टर मोझेस. हा मूळचा विंगर. मागील तीन हंगाम चेल्सीनें त्याला एकामागून एक तीन संघांना उसना देऊन टाकला होता. त्याच्या पायांतील धांव व छातींतील दम यांना योग्य जागा मिळाली ती येथें.

चढाईंतील युक्ति अशी. दोघे विंग-बॅक रेषेला चिकटून पुढें सरकत. एडन हॅझार्ड व पेद्रो हे बाजूचे फॉरवर्ड रेषा सोडून आंत येत, आणि प्रतिपक्षाचा फुलबॅक व सेंटर-बॅक यांच्यामधल्या फटींत उभे राहत. मध्यें दिएगो कोस्ता. म्हणजे चौघा बॅकांपुढें पांच जण उभे ठाकले! आतां प्रतिपक्षाच्या फुलबॅकनें काय करावें? तो आलोन्सोकडे बाहेर धांवला तर आंत हॅझार्डला वाट मोकळी होते. तो हॅझार्डपाशीं थांबला तर आलोन्सो निवांतपणें चेंडू गोलापुढें टाकतो. दोन्हींकडून तोटाच. त्यांतही अधिक घातक गडी तो पलीकडच्या बगलेचा. सर्वांचे डोळे चेंडूकडे असतात, आणि हा पाठीमागून दूरच्या खांबापाशीं येऊन पोहोंचतो. ४ फेब्रुवारी २०१७ रोजीं त्याच आर्सेनलविरुद्ध कोस्ताचा चेंडू आडव्या दांड्यावर आपटून परतला, तेव्हां तो डोक्यानें गोलांत घालावयाला आलोन्सो हजर होता. नांवाचा बॅक, आणि जागा सेंटर-फॉरवर्डची!

पांच जण वर गेले तरी पांच मागें राहत, हें मात्र विसरून चालणार नाहीं. तिघे बॅक आणि त्यांच्यापुढें एन्गोलो कान्ते व नेमान्या मातिच हे दोन हाफबॅक. चेंडू हातचा गेला कीं या पांचांनीं पहिला वेढा द्यावयाचा, आणि तेवढ्या अवधींत बगलेच्या गड्यांनीं मागें यावयाचें. परत आले म्हणजे फळी पांचांची होई. हॅझार्ड व पेद्रो खालीं उतरून पुढच्या चौघांच्या रांगेंत बसत. उजवीकडे मोझेस वर अडकला असतां सेझार अझ्पिलिक्वेता त्याच्या पाठीमागें बाहेर सरके, डाविड लुईझ व गॅरी केहिल त्याच्या दिशेनें एकेक पाऊल सरकत, आणि डावीकडचा आलोन्सो आंत येऊन चौथा बॅक होई. हुतूतूंत कोपऱ्याचा गडी पुढें झेपावला कीं सगळी साखळी त्याच्या अंगानें वळते, तसाच हा प्रकार. एक कडी सुटली कीं सारें फुकट.

ती सुटते कोठें? प्रत्येक बगलेला राखणारा एकच, त्यामुळें प्रतिपक्षानें तेथें दोघे पाठविले कीं पंचाईत सुरू होते. बाजूचा बॅक मदतीस गेला तर मध्यें भोंक पडतें. हाफबॅक गेला तर पुढचें अंगण रिकामें राहतें. आणि विंग-बॅक भिऊन मागेंच बसला तर मांडणी नुसती पांच बॅकांची होते. कोस्ता बिचारा वर एकटा. दुसरें वर्म उंच चेंडूचें. ४ जानेवारी २०१७ रोजीं टॉटनहॅमनें स्वतःही तीन बॅक खेळवून चेल्सीची विजयमालिका तोडली. दोन्ही वेळां क्रिस्तियन एरिक्सननें उजवीकडून चेंडू दूरच्या खांबाकडे टाकला, आणि दोन्ही वेळां डेले अलीनें तो डोक्यानें गोलांत घातला. उंच अली जाऊन उभा राहिला तो अझ्पिलिक्वेता व मोझेस यांच्या टापूंत. अझ्पिलिक्वेता मूळचा फुलबॅक, बुटका. चेंडू घेऊन पुढें येण्यांत तरबेज. त्याच्या ज्या गुणासाठीं त्याला तेथें नेमलें, त्या गुणाची किंमत त्या रात्रीं चुकवावी लागली. तीच नेमणूक १२ मे रोजीं फळाला आली. वेस्ट ब्रॉमविचविरुद्ध ८२ व्या मिनिटाला उजवीकडून पुढें आलेल्या अझ्पिलिक्वेतानें दिलेल्या चेंडूवर मिची बात्शुआयीनें गोल केला आणि चेल्सीचें विजेतेपद निश्चित झालें. हंगामाअखेर त्यांचे ९३ गुण झाले.

एफ. ए. चषकाचा अंतिम सामना त्यानंतर पंधरवड्यानें, २७ मे रोजीं झाला. समोर पुन्हां आर्सेनल. पण आतां त्यांच्याही पाठीमागें तीन बॅक होते आणि बगलांवर एकेक गडी. उत्तरार्धांत मोझेस पेनल्टी मिळविण्यासाठीं मुद्दाम पडला असें ठरवून पंचानें त्याला दुसरें पिवळें पत्र दाखविलें, व चेल्सीचे दहाच गडी उरले. कोस्तानें बरोबरी साधली. पण थोड्याच मिनिटांत ऑलिव्हिए जिरूनें डाव्या अंगानें चेंडू गोलापुढें टाकला आणि ॲरन रॅम्सीनें तो डोक्यानें आंत घातला. आर्सेनलनें सामना दोन विरुद्ध एक गोलानें जिंकला.