नाश्त्याच्या गाडीतला गॅस : आपलं काम कोणतं, मेकॅनिकचं कोणतं?

मी ताडकळसहून बोलतेय, बचत गटांची समन्वयक.

आमच्या एका गटानं जुना छोटा टेम्पो घेतला, बाजारात पोहे-भजी विकायला. गॅस जोडायची वेळ आली तेव्हा एकीचे दीर म्हणाले, "त्यात काय, नळी बसवायची अन् क्लिप आवळायची. मेकॅनिकला पैसे कशाला?" सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. चौथ्या बाजाराला टेम्पोचं दार उघडलं, तर गॅसच्या वासानं डोकं भणाणलं. नशीब, कुणी काडी ओढली नव्हती.

चुकलं कुठं? घरातली टाकी जागची हलत नाही. गाडीतली प्रत्येक खड्ड्याला हादरते. त्यानं क्लिप सैल झाली होती आणि नळी पत्र्याच्या कडेला घासून चिरली होती. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर जात नाही, पाण्यासारखा तळाशी साचतो. म्हणून नुसती खिडकी उघडून भागत नाही, खालूनही वाट लागते. हवेच्या शंभर भागांत साधारण दोन भाग गॅस मिसळला तरी एक ठिणगी पुरते.

म्हणून आम्ही कामं वाटून घेतली.

जोडणी मेकॅनिकची. टाकी उभी, पट्ट्यानं घट्ट बांधलेली, वेगळ्या कप्प्यात हवी. कप्प्याच्या तळाला बाहेर निघणारी छिद्रं हवीत. पक्की पाइपलाइन टाकून तिची गळती तपासूनच गाडी ताब्यात घ्यायची. असा माणूस कोण, ते टाकी देणाऱ्या एजन्सीला विचारायचं. धंद्याला टाकीही धंद्याचीच, १९ किलोची घ्यायची. घरची १४.२ किलोची लाल टाकी धंद्याला वापरणं कायद्यात बसत नाही.

राखण आपली. रोज सांध्यांना साबणाचा फेस लावायचा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून कधीही बघायचं नाही. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्यायची आणि पाच वर्षांनी बदलायची, चिरली तर त्याच दिवशी. टाकीच्या कड्याजवळची तारीख वाचायची : ए म्हणजे मार्चअखेर, बी जूनअखेर, सी सप्टेंबरअखेर, डी डिसेंबरअखेर. पुढचा आकडा वर्षाचा. मुदत उलटलेली टाकी परत करायची. गाडी हलवण्याआधी रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावायची.

वास आलाच तर शेगडी विझवा, टाकी बंद करा, दारं उघडा. दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. गाडीची चावी फिरवू नका. सगळ्यांना लांब न्या आणि लांब गेल्यावरच १९०६ वर फोन करा. हा नंबर रात्रंदिवस चालू असतो.

मेकॅनिकचे पैसे आम्ही गटाच्या खात्यातून दिले, गाडीच्या खर्चातच धरले. दीरांना आधी वाईट वाटलं. आता बाजाराच्या सकाळी साबणाची वाटी घेऊन तेच पहिले हजर असतात.

तुमच्या गटाच्या गाडीची नळी आजच बघा, मैत्रिणींनो.