घेण्याची वेळ आणि परत देण्याचा हक्क

आपल्या जुन्या गृहिणी अर्थशास्त्र शिकल्या नव्हत्या, परंतु बेगमी म्हणजे काय हे त्यांस पक्के ठाऊक होते. गहू उन्हाळ्यात भरावा, मिरची वाळवून कुटून ठेवावी, चिंच फोडून मीठ लावून बरणीत घालावी, हा क्रम केवळ रूढी म्हणून चालत आला नाही. त्याच्या मुळाशी तीन कारणे होती: त्या दिवसांत माल नवा व आवक मुबलक असते, कडक उन्हात तो वाळतो, आणि पुढे पावसाळ्यात वाटा बंद होत. पक्क्या सडकांमुळे तिसरे कारण आज बहुतेक ठिकाणी राहिले नाही; पहिली दोन मात्र जशीच्या तशी आहेत. तरीही शहरांतील आमचे बांधव वर्षभर आठवड्याच्या हिशेबाने माल घेतात आणि महागाईच्या नावाने बोटे मोडतात, हे पाहून आम्हांस चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते.

कांद्याचेच उदाहरण घ्या. नाशिककडील उन्हाळी कांदा साधारणपणे मार्च ते मे या काळात निघतो. तो टिकाऊ असल्याने चाळींत साठविला जातो व पावसाळाभर पुरविला जातो. साठा सरत येतो आणि खरिपाचा कांदा अद्याप पुरेसा आलेला नसतो, त्या संधिकाळात भाव चढतो. त्यात अवकाळी पाऊस झाला की विचारावयास नको. 2019च्या डिसेंबरात अनेक शहरांत किलोस 100 रुपयांहून अधिक मोजावे लागले, ते कोणी विसरले नसेल. ज्याच्या घरी कोरडी व हवेशीर जागा आहे, त्याने दोन-तीन महिन्यांपुरता उन्हाळी कांदा घेऊन ठेवणे शहाणपणाचे होय. तुरीचे नवे पीक वर्षारंभी, सांगलीची नवी हळद उन्हाळ्याच्या तोंडी आणि कोल्हापूरचा नवा गूळ दिवाळीच्या सुमारास बाजारात येतो; हे वेळापत्रक प्रत्येक स्वयंपाकघरात टांगून ठेवण्यासारखे आहे.

कापड व यंत्रे यांस हाच न्याय लागू पडतो, फक्त उलट्या दिशेने. धान्य हंगामात स्वस्त, तर छत्री, रेनकोट, स्वेटर व कूलर हंगाम उलटल्यावर स्वस्त. उरलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल. त्यावर व्याज चढते, जागा अडते, आणि पुढील वर्षी नवी तऱ्हा निघाली की त्यास गिऱ्हाईक मिळत नाही. म्हणून दुकानदार तो कमी नफ्यात सोडतो. मात्र ‘अर्ध्या किमतीत’ ही पाटी वाचून भुलू नये. आधी किंमत फुगवून मग ती कापणारेही आहेत. हव्या असलेल्या वस्तूचा भाव महिनाभर आधी टिपून ठेवावा, म्हणजे सवलत खरी की खोटी ते कळते. आणि नको असलेली वस्तू स्वस्त मिळाली म्हणून घेणे ही बचत नव्हे, हे सांगावयास पाहिजेच असे नाही.

यावर कोणी म्हणेल की, ज्याच्या हाती एकरकमी पैसा आहे त्यासच हा उपदेश उपयोगी. हा आक्षेप खरा आहे, आणि आमच्या मते या प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. रोजंदारीवर पोट भरणारा पावशेर डाळ घेतो आणि सधन माणसापेक्षा किलोमागे अधिक दाम मोजतो. त्याने कर्ज काढून बेगमी करावी असे आम्ही म्हणणार नाही. दरमहा शेकडा 3 रुपये व्याजाने काढलेला पैसा सहा महिन्यांत शेकडा 18 रुपये खातो, मग बचत उरली कोठे? उपाय दोन. मालकांनी आपल्या नोकरांस उन्हाळ्याच्या प्रारंभी बिनव्याजी उचल द्यावी व ती हप्त्यांनी फेडून घ्यावी. आणि चाळींतील व वाड्यांतील कुटुंबांनी, बचत गटांनी, एकत्र खरेदी करावी. 1975 साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने सामुदायिक खरेदी व वाटप करून दाखविले आहे; तेव्हा ही गोष्ट अशक्य कोटीतली नव्हे.

आता परतीविषयी. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पाटी अद्याप अनेक दुकानांत झळकते. 2019चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून अमलात आला. पावतीत दिलेल्या मुदतीत, व तशी मुदत दिलेली नसल्यास 30 दिवसांच्या आत, सदोष माल परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पावती न देणे हेही तसेच. ग्राहकास आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्क पडत नाही, आणि 1915 या क्रमांकावर सल्ला मिळतो.

परंतु येथेच एक खाच आहे. जानेवारीत स्वस्त घेतलेला कूलर खोक्यातच ठेवून एप्रिलात उघडला आणि तो बिघडलेला निघाला, तर मुदत उलटून गेलेली असते. हमीचा काळही सामान्यतः खरेदीच्या तारखेपासून मोजतात. म्हणून अवेळी घेणाऱ्याने माल त्याच दिवशी उघडून, चालवून पाहावा व पावती जपून ठेवावी. शिवाय रंग आवडला नाही म्हणून परत घेण्यास कायदा दुकानदारास बांधीत नाही. ती त्याची मर्जी. तेव्हा अशी सवलत हवी असल्यास पैसे देण्यापूर्वी ती पावतीवर लिहून घ्यावी.

लग्नात मिरवून आणलेली साडी दुसऱ्या दिवशी ‘पसंत नाही’ म्हणून परत नेणारे लोकही आम्हांस ठाऊक आहेत. अशा वर्तनाचा भुर्दंड शेवटी प्रामाणिक गिऱ्हाइकावरच बसतो. व्यापारी बंधूंस आमची विनंती इतकीच की, त्यांनी ती जुनी पाटी उतरवून तिच्या जागी परतीचे नियम स्पष्ट अक्षरांत लावावेत. ज्या दुकानी वस्तू परत देता येते, त्याच दुकानी गिऱ्हाईक निर्धास्तपणे पुन्हा येते. आणि पेढीची पत वाढविणारे दुसरे भांडवल आम्हांस तरी ठाऊक नाही.