कविता राऊत आणि आपल्या डोंगरातल्या मुली

नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा महाराष्ट्राला ठाऊक झाला तो कविता राऊतमुळे. आदिवासी पाडा, घरची गरिबी. सुरुवातीला ती अनवाणीच धावली. पुढे नाशिकला विजेंदरसिंग यांनी तिला तयार केले. ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्यपदक तिने ३३ मिनिटे ५ सेकंदांत मिळवले. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तेच अंतर ३१ मिनिटे ५१ सेकंदांत! केरळच्या प्रीजा श्रीधरनचे सुवर्ण एका सेकंदाहूनही कमी फरकाने पुढे राहिले. २०१२ चा अर्जुन पुरस्कार, २०१६ ची रिओ ऑलिंपिक मॅरेथॉन, हे त्यानंतरचे.

पोलादपूर तालुक्यातील कुडपणला गेलो की अशा किती मुली इथे असतील, असे मनात येते. गावकरी म्हणतात, ''डॉक्टर, आमच्या पोरी रोज डोंगर चढतात, त्यांना काय धाड भरलीय?'' पाय दणकट असतात हे खरे. पण डोळ्याची खालची पापणी ओढून पाहावी तर आतून फिकट. चढावर छाती धडधडते, मुलगी खेळायला नको म्हणते आणि घरचे तिला आळशी ठरवतात.

धावताना स्नायूंना प्राणवायू पोचवते ते रक्तातील हिमोग्लोबिन आणि त्यासाठी लोह लागते. वाढीच्या वयातच पाळी सुरू होते, दर महिन्याला लोह जाते. त्यात मुलगी जेवायला बसते सर्वांच्या शेवटी, तोवर कालवण संपलेले! २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या दर १०० स्त्रियांत ५७ जणींना रक्तक्षय आढळला.

नाचणीची भाकरी उत्तम. सोबत कुळथाचे पिठले, टाकळ्याची भाजी, सुकट असावी. वर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा मात्र नको, तो लोह अडवतो. शाळेत मिळणारी आठवड्याची निळी गोळी मुली गुपचूप फेकतात, कारण शौचाला काळे होते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, गोळी जेवणानंतर घ्यावी. जंताचे औषध वर्षातून दोनदा द्यावे.

हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली म्हणजे रक्तक्षय. पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्या. ८ च्या खाली असेल तर घरगुती उपायांवर विसंबू नका, तडक डॉक्टरांना दाखवा आणि तोवर शर्यतीचा सराव थांबवा.