बाभळीचं बेलणं

बाभूळ म्हटलं की आमच्याकडे डोळ्यांसमोर सरपण येतं, नाही तर शेताचं कुंपण. वाशीम जिल्ह्याच्या काळ्या मातीत तिला कुणी लावत नाही, ती आपली उगवते. पण ज्या लाकडानं बैलगाडीची चाकं आणि वखराची खोडं पिढ्यान्‌पिढ्या पेलली, ते चुलीत जाताना पाहून मला वाईट वाटतं. म्हणून धुऱ्यावर वादळात पडलेल्या बाभळीचे ओंडके मी रिसोड रस्त्यावरच्या एका लेथवाल्या काकांकडे नेले. बेलणी, रव्या, घोटण्या हाच त्यांचा धंदा.

काकांनी आधी ओंडक्यांची तोंडं शेणानं लिंपली. लाकडातलं पाणी तोंडाकडून फार वेगानं उडतं, आणि इथला मे महिना चाळिशीच्या वरचा. "लाकडाले सावलीतच वाळू द्या लागते भाऊ, उन्हात ठेवलं का फाटलंच."

वाळताना लाकूड वलयांच्या दिशेनं जेवढं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेनं आकसतं. घेर आवळू पाहतो, आतला भाग तेवढा आवळत नाही, मग चीर बाहेरून थेट गाभ्यापर्यंत जाते. त्यामुळे ओंडका चिरून गाभा बाजूला काढायचा आणि उरलेल्या भागातून चौकोनी दांड्या पाडायच्या. बेलणं विकत घेताना त्याची टोकं जरूर पाहावीत. मधोमध गाभ्याचा ठिपका दिसला, तर ते ठेवून द्यावं.

दांडी लेथच्या दोन टोकांमध्ये आवळली आणि मोटर सुरू झाली, की गोल पटाशी कोपऱ्यांवर टकटक आपटते. कोपरे जातात तसा आवाज एकसारखा होत जातो. दांडी गोल झाली हे काका कानांनीच ओळखतात. मग तिरपी पटाशी. तिची धार ते लाकडावर एकदम टेकवत नाहीत. आधी पात्याची मागची उतरती बाजू फिरत्या लाकडावर नुसती घासू देतात, मग मूठ हळूहळू वर उचलतात. एका क्षणी धार लागते आणि पातळ, लांब साल सुटू लागते. पटाशीचं टोक जरा चुकीच्या जागी टेकलं, तर ती लाकडात रुतते आणि बेलण्यावर आटे पाडल्यासारखी खोल रेघ उमटते. डाव्या हाताचा अंगठा पात्यावर, मूठ कमरेशी. पटाशी पुढे सरकते ती हातानं नव्हे, सगळ्या अंगानं. हे मी पुन्हा पुन्हा पाहत राहिलो. मधला फुगवटा बरोबर आला का, ते मशीन थांबवून तळहातानंच कळतं.

पोळपाट याहून अवघड. बेलण्यात लाकडाचे तंतू लांबीला धरून असतात, पोळपाटात ते आडवे येतात. एका फेऱ्यात पटाशीला दोनदा तंतूंची उभी टोकं भेटतात आणि तिथं लाकूड उचकटतं. पाय मात्र तीनच हवेत, जमीन कशीही असली तरी तीन पायांवर पोळपाट डुगडुगत नाही. रवीचा गड्डा लेथवर होतो, त्याच्या खाचा नंतर करवतीनं पाडाव्या लागतात.

सावंतवाडीच्या कातकामात फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात आणि घर्षणाच्या उष्णतेनं रंग चढतो. खेळण्यांवर तो फार सुंदर दिसतो. रोज पीठ लागणाऱ्या, रोज धुतल्या जाणाऱ्या बेलण्याला मात्र तेलच बरं. घासकागद फिरवल्यावर काका ओलं फडकं लावतात, उठलेले बारीक तंतू वाळू देतात आणि पुन्हा घासतात. त्यावर जवसाचं तेल. शेंगदाण्याचं तेल लाकडात ओलंच राहतं आणि खवट होतं. जवसाचं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्या क्रियेत उष्णता निघते, म्हणून तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती तारेवर पसरूनच वाळवायची. आणि घरी आणलेलं बेलणं खरकट्या भांड्यांसोबत रात्रभर पाण्यात ठेवायचं नाही. धुतलं की पुसून उभं करायचं.